वाचा, ऐका, बोला आणि वाफ्यात करून पाहा

(निफाड तालुक्यातील एका गावच्या सार्वजनिक वाचनालयात शेतकरी बंधू-भगिनींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपण मला विषय दिला आहे तो असा : ‘पुस्तके आणि पॉडकास्ट यांचा शेतकऱ्याला स्वतःच्या व व्यवसायाच्या प्रगतीसाठी उपयोग’. हा विषय फळ्यावर लिहिलेला पाहून मघाशी एका आजोबांनी मला विचारले, “ताई, पुस्तक वाचून कांदा पोसतो का?” प्रश्न थट्टेने विचारला असला तरी तो रास्त आहे. नुसते वाचून कांदा पोसत नाही, आणि नुसते ऐकून तर मुळीच नाही. मात्र वाचलेले आणि ऐकलेले चार माणसांत बोलून, पारखून, आपल्या वाफ्यात करून पाहिले तर कांदाही पोसतो आणि माणूसही. आज मला एवढेच सांगायचे आहे. बाकीचे बोलणे त्याचाच विस्तार आहे.

पुस्तक सर्वांना ठाऊक आहे. पॉडकास्ट हा शब्द मात्र नवा असून तो २००४ सालापासून वापरात आला. मोबाइलवर आपल्या सवडीने, हवे तितक्या वेळा ऐकता येणारे भाषण किंवा मुलाखत म्हणजे पॉडकास्ट. रेडिओचा कार्यक्रम ठरल्या वेळी लागतो. नेमकी त्याच वेळी लाईट आली आणि मोटार चालू करायला विहिरीवर जावे लागले की कार्यक्रम हुकला. पॉडकास्ट हुकत नाही. रात्री उतरवून ठेवला तर दुसऱ्या दिवशी रेंज नसलेल्या शिवारातही ऐकता येतो. समजले नाही तर मागे नेऊन पुन्हा ऐकता येतो. ही त्याची सोय होय.

ऐकण्याची वाट जुनीच आहे

यंत्र नवे असले तरी ऐकून शिकण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. ज्यांच्यासाठी तो ग्रंथ लिहिला, त्यांतील बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. म्हणून जोतीरावांनी त्यातील प्रकरणे ठिकठिकाणी लोकांसमोर वाचून दाखविली. म्हणजे शेतकऱ्यांवरचा आपल्या भाषेतील हा मोठा ग्रंथ पुष्कळांनी वाचण्याआधी ऐकला होता.

दुसरे उदाहरण १९५६ सालचे आहे. आकाशवाणी आणि युनेस्को यांनी मिळून पुणे केंद्रावरून एक प्रयोग केला. मराठी मुलखातील सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोता मंडळे स्थापन करण्यात आली. प्रत्येक मंडळात पंधरा-वीस सभासद असत. आठवड्यातून दोनदा, दहा आठवडे, अर्ध्या अर्ध्या तासाचे वीस कार्यक्रम झाले. कार्यक्रम संपला की लोक उठून जात नसत. ऐकलेल्या विषयावर तेथेच चर्चा होई आणि शंका लिहून केंद्राकडे पाठविल्या जात.

या प्रयोगाची पाहणी टाटा समाजविज्ञान संस्थेमार्फत पॉल न्यूरथ या अभ्यासकांनी केली. काही गावांत मंडळे होती, काही गावांत रेडिओ होता पण मंडळ नव्हते, तर काही गावांत रेडिओही नव्हता. या तिन्ही प्रकारच्या गावांची तुलना करण्यात आली. मंडळे असलेल्या गावांत लोकांच्या ज्ञानात ठळक वाढ दिसली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती वाढ थोडीच होती. रेडिओ तोच आणि कार्यक्रमही तेच. फरक होता तो ऐकल्यानंतरच्या चर्चेचा. पुढे १९५९ साली ही योजना देशभर नेण्यात आली.

या प्रयोगाची मूळ कल्पना कॅनडातील. तेथील शेतकऱ्यांची रेडिओ मंडळे १९४१ साली सुरू झाली. त्यांचे ब्रीद चार शब्दांचे होते : वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा. आज आपल्या हातात त्या रेडिओपेक्षा किती तरी चांगले यंत्र आहे. पण आपण दुसऱ्या पायरीवरच थांबतो. ऐकतो आणि पुढच्याला पाठवून देतो.

माझी स्वतःची चूक

दुसऱ्या पायरीवर थांबल्यास काय होते ते मी दुसऱ्या कोणाचे उदाहरण देऊन सांगणार नाही. मी सस्यविद्या शिकवते. तण व्यवस्थापन हा माझ्या रोजच्या शिकविण्यातला विषय. तरीही माझ्या हातून पुढील चूक झाली.

काही वर्षांपूर्वीची जानेवारीतली गोष्ट. माझ्या धाकट्या भावाने तीस गुंठ्यांत उन्हाळ कांद्याची लागण केली होती. मजूर मिळत नव्हते आणि तण वर येऊ लागले होते. त्याच सुमारास महाविद्यालयातून दुचाकीवरून घरी येताना मी कानात वायर घालून कांद्यातील तणनाशकावरचे एक भाषण ऐकले. संध्याकाळी भावाचा फोन आला, “ताई, किती टाकू?” मी ऐकलेला आकडा सांगितला आणि वर म्हटले, “एकरी.” ताईने शेतीची एम.एस्सी. केलेली. त्याने पुन्हा विचारले नाही.

वक्त्याने सांगितलेले प्रमाण हेक्टरी होते. रस्त्यावरच्या गोंगाटात मी ते एकरी समजले. हेक्टर म्हणजे सुमारे शंभर गुंठे आणि एकर म्हणजे चाळीस गुंठे. म्हणजे रोपांवर जायला हवे त्याच्या अडीचपट औषध गेले. तिसऱ्या दिवशी पातीवर पांढरे चट्टे पडले आणि पात वाकली. पाणी दिले, वाट पाहिली, रोपे हळूहळू सावरली. पण वाढीचे दिवस गेले ते गेलेच. काढणीला गोल्टी कांद्याचा वाटा वाढला आणि त्या मानाने पट्टी कमी झाली. भाऊ मला एक शब्द बोलला नाही. फक्त एकदा म्हणाला, “ताई, खोक्यातला कागद मी न वाचता चुलीत घातला होता.”

मी ते भाषण नंतर पुन्हा ऐकले. वक्त्याने ‘हेक्टरी’ हा शब्द दोनदा स्पष्ट उच्चारला होता. चूक सांगणाऱ्याची नव्हती, यंत्राचीही नव्हती. कानाने करायचे नाही ते काम मी कानावर सोपविले होते.

कानाचे काम आणि डोळ्याचे काम

या अनुभवानंतर मी स्वतःसाठी एक नियम केला. तो आपणही वापरून पाहावा.

‘का’ हे कानाने ऐकावे. एखाद्या बागाईतदाराने वाण का बदलला, ठिबककडे तो का वळला, कर्जातून कसा सावरला, बाजारात कोठे फसला, हे त्याच्याच तोंडून ऐकावे. माणसाच्या आवाजात हिंमत असते आणि ती छापील ओळीपेक्षा लवकर पोहोचते.

‘किती, केव्हा आणि कशात’ हे मात्र डोळ्याने वाचावे. मात्रा, अंतर, तारीख, औषधाचे नाव आणि त्याची तीव्रता यांबाबत कानावर विसंबू नये. ऐकलेला आकडा कागदावर लिहावा, छापील शिफारशीशी ताडून पाहावा आणि मगच पंप भरावा. हेक्टरी प्रमाण असेल तर त्याला शंभराने भागावे, म्हणजे एका गुंठ्याचे प्रमाण निघते. समजा, प्रमाण हेक्टरी ७५० मि.लि. आहे. मग गुंठ्याला साडेसात, तीस गुंठ्यांना २२५ आणि एकराला ३०० मि.लि. होतात. हे गणित तोंडी न करता वहीत करावे.

शेवटचा शब्द औषधाच्या लेबलचा आणि खोक्यातील घडीपत्रकाचा. पुष्कळ घरांत सर्वांत महाग आणि सर्वांत कमी वाचले जाणारे पुस्तक तेच असते. पीक कोणते, मात्रा किती, फवारणी आणि काढणी यांत किती दिवस जाऊ द्यावयाचे, विषबाधा झाल्यास काय करावे, हे सारे त्यात असते. अक्षर बारीक असते हे खरे. मुलांकडून वाचून घ्यावे किंवा मोबाइलने फोटो काढून मोठे करून पाहावे.

द्राक्ष बागाईतदारांना २०१० चा हंगाम आठवत असेल. त्या वर्षी युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे आपण ज्याला सीसीसी म्हणतो त्याचे अवशेष मर्यादेपेक्षा जास्त आढळले. खरड छाटणीनंतर वेलीची वाढ आटोक्यात ठेवण्यासाठी हे संजीवक वापरले जात असे. काढणी कित्येक महिने दूर असल्याने त्यात काही वावगे कोणाला वाटत नव्हते. पण अंश वेलीत राहिला आणि घडात उतरला. माल परदेशात अडकला आणि झळ आपल्या जिल्ह्यातील बागांना लागली. कष्टात कोणी कमी पडले नव्हते. कमी पडली ती परदेशातील अवशेष मर्यादेची माहिती, आणि ती छापील स्वरूपातच असते. तेव्हापासून निर्यातदार बागाईतदार राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची शिफारशीत औषधांची यादी जपून ठेवतात. ती यादी वेळोवेळी सुधारली जाते. म्हणून गेल्या वर्षीची यादी या वर्षी पुरत नाही.

काय वाचावे, केव्हा वाचावे

वाचन हंगामाच्या दोन महिने आधी करावे. उन्हाळ कांद्याचे रोप आपण ऑक्टोबर-नोव्हेंबरात टाकतो. तर रोपवाटिकेची पुस्तिका ऑगस्ट-सप्टेंबरात, पावसाच्या झडीत घरी बसावे लागते तेव्हा वाचावी. साठवणुकीवरचे पुस्तक फेब्रुवारीत वाचावे. चाळ बांधून, कांदा भरून झाल्यावर हवा खेळण्याविषयी वाचणे म्हणजे वरातीमागून घोडे.

सुरुवात मोठ्या ग्रंथाने करू नये. महात्मा फुले कृषि विद्यापीठाची ‘कृषिदर्शनी’ घरात असावी. पीकवार शिफारशी तीत थोडक्यात मिळतात. वाचताना हंगामाकडे लक्ष द्यावे. बसवंत ७८० आणि एन-२-४-१ हे दोन्ही आपल्या ओळखीचे कांद्याचे वाण. पण पहिला खरिपाचा आणि दुसरा रब्बीचा. वाणाचे नाव लक्षात राहिले आणि हंगाम विसरला तर ते वाचन उपयोगाचे नाही.

पुस्तके मिळत नाहीत ही सबब नाशिक जिल्ह्यात तरी चालणार नाही. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० सालचे आहे. १९६७ च्या ग्रंथालय अधिनियमामुळे गावोगावच्या वाचनालयांना शासनमान्यतेची आणि अनुदानाची वाट मोकळी झाली. पुस्तकांच्या पेट्या वाचकांपर्यंत नेणारा ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रम २००९ मध्ये नाशिकमध्येच सुरू झाला. आपल्या वाचनालयातील शेतीचे कपाट मी आज पाहिले. पुस्तके बरी आहेत, पण देवघेवीच्या नोंदी थोड्या आहेत. वाचनालयाच्या समितीने वर्षाच्या खरेदीत शेती, हिशेब आणि कायदा यांवरची पाच-सात पुस्तके आवर्जून घ्यावीत आणि कोणती घ्यावीत ते आपल्याला विचारावे.

ज्यांचे शिक्षण मध्येच सुटले, त्यांनी यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या कृषी शिक्षणक्रमांची चौकशी करावी. १९८९ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाची कल्पनाच मुळी अशी की, शिकणाऱ्याने आपले काम सांभाळून घरी पुस्तक वाचून शिकावे.

ऐकताना पारख ठेवावी

शेतीवरची भाषणे आता मोबाइलवर भरपूर मिळतात. आकाशवाणी मोबाइलवर ऐकता येते. २००५ साली सुरू झालेल्या ‘ॲग्रोवन’ दैनिकाचेही पॉडकास्ट आहेत. भरपूर असल्यामुळेच निवड करावी लागते. कोणतेही भाषण ऐकताना चार प्रश्न विचारावेत.

१. बोलणारा कोण? त्याने हे स्वतः केले आहे, अभ्यासले आहे की नुसते ऐकले आहे?

२. तो काही विकतो आहे काय? विकणे हा गुन्हा नाही. पण शेवटी बाटलीचे नाव आले तर आधीचे सारे बोलणे पुन्हा तपासून पाहावे.

३. हे कोणत्या जमिनीचे आणि कोणत्या पाण्याचे? कोकणातील लाल माती आणि निफाडची काळी माती यांना एकच सल्ला लागू पडेलच असे नाही.

४. हे केव्हाचे? पॉडकास्ट जुना होत नाही, पण त्यातील माहिती जुनी होते. वापरावर बंदी आलेल्या औषधाची स्तुती जुन्या भाषणात तशीच राहते.

शंका राहिल्यास किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या निःशुल्क क्रमांकावर विचारावे. ही सेवा २००४ पासून आहे. जवळच्या संशोधन केंद्रात किंवा कृषि विज्ञान केंद्रात जावे. आणखी एक सूचना : ट्रॅक्टर चालविताना, फवारणी करताना किंवा रस्त्याने जाताना कानात वायर घालू नये. मी घातली होती. बारे देताना, कांदा निवडताना, धारा काढताना खुशाल ऐकावे.

गावात वाचक-श्रोता मंडळ

आता कृतीचे बोलू. १९५६ मध्ये रेडिओभोवती जे झाले ते आज या वाचनालयात करता येईल. त्यासाठी खर्च जवळजवळ नाही.

पंधरा-वीस जणांनी पंधरवड्यातून एकदा तासभर जमावे. वेळ अशी ठरवावी की भगिनींना येता येईल. लागण आणि खुरपणी बहुतेक त्यांच्याच हातची असते, मग तिचे ज्ञान घरातल्या पुरुषालाच का मिळावे? एकाला चालक नेमावे आणि एकाला नोंदी करण्याचे काम द्यावे. पहिली पंधरा मिनिटे निवडलेले भाषण सर्वांनी मिळून ऐकावे. पुढची पंधरा मिनिटे त्याच विषयावरचे दोन-तीन पानांचे छापील टिपण एकाने मोठ्याने वाचावे. ज्यांना वाचता येत नाही तेही सभासद होऊ शकतात. त्यांचा अनुभव वाचणाऱ्यापेक्षा मोठा असू शकतो. उरलेला अर्धा तास चर्चा. उठण्यापूर्वी एकच गोष्ट ठरवावी : या पंधरवड्यात कोण, कोठे, काय करून पाहणार.

करून पाहणे म्हणजे सारे शेत पणाला लावणे नव्हे. दोन गुंठे घ्यावेत. शेजारचे दोन गुंठे नेहमीच्या पद्धतीने ठेवावेत. दोन्हींचे बियाणे, पाणी आणि लागणीचा दिवस एकच असावा. फरक फक्त तपासायच्या गोष्टीचा असावा. खर्च आणि उत्पादन दोन्ही बाजूंचे मोजावे. शास्त्रज्ञाची प्रयोगवही याहून फार वेगळी नसते. नवीन पद्धत फसली तर नुकसान दोन गुंठ्यांचे होते, शिकतात मात्र वीस घरे. माझ्या भावाने त्या वर्षी आधी दोन गुंठ्यांवर फवारून चार दिवस थांबायचे ठरविले असते, तर अठ्ठावीस गुंठे वाचले असते.

यासाठी एक वही हवी. डाव्या पानावर लिहावे : काय वाचले किंवा ऐकले, कोणाचे, कोणत्या तारखेला. उजव्या पानावर : आपण काय केले आणि काय झाले. उजवे पान बरेच दिवस कोरे राहिले तर समजावे की आपण करमणूक करीत आहोत. करमणुकीला माझी हरकत नाही. फक्त तिला अभ्यास म्हणू नये.

माणूस म्हणून वाढण्यासाठी

सगळेच वाचन मात्रेचे आणि भावाचे नसावे. वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’ हे पुस्तक १९८१ साली आले. तेव्हापासून ते मराठी घरांत वाचले जात आहे. गुलामगिरीत जन्मलेले जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर अमेरिकेतील टस्कीगी संस्थेत कृषिसंशोधक झाले. सतत कपाशी घेऊन खंगलेल्या जमिनीत भुईमूग, चवळी घ्या असे ते सांगत. शेतकरी संस्थेपर्यंत येऊ शकत नाही हे ओळखून १९०६ साली संस्थेची गाडी अवजारे व नमुने घेऊन शेतकऱ्यांच्या दारी जाऊ लागली. शेतकऱ्यांसाठी त्यांनी साध्या भाषेत पुस्तिका लिहिल्या आणि त्यांत लागवडीबरोबर घरच्या स्वयंपाकाच्या कृतीही दिल्या. हे पुस्तक वाचून एकरी उत्पादन वाढेल असे मी म्हणणार नाही. पण भाव पडलेला असताना, हातातले पीक गेलेले असताना, आपल्याहून बिकट स्थितीतून कोणी वर आले हे ठाऊक असणे हाही आधार असतो. असा आधार ज्याच्याजवळ असतो तो घाईने कर्ज काढीत नाही, ऐकीव गोष्टीमागे धावत नाही आणि चूक झाली तर ती कबूल करतो. मी ती आज आपल्यासमोर केली.

तेव्हा आजोबांच्या प्रश्नाकडे पुन्हा येते. कांदा मातीत, पाण्यात आणि कष्टातच पोसतो. पण कोणत्या मातीत, किती पाण्यात आणि कोणते कष्ट वाया जाणार नाहीत, हे आधी कोणीतरी करून पाहिलेले आहे, लिहिलेले आहे, सांगितलेले आहे. ते घेऊन आपण चर्चा करावी, करून पाहावे आणि आपले निष्कर्ष वहीत लिहून ठेवावेत. उद्या आपली वहीदेखील कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

मंडळाच्या पहिल्या बैठकीची तारीख आज येथून उठण्यापूर्वीच ठरवावी, अशी विनंती करून मी आपली रजा घेते.